ज्याचं टपाल त्याला

निपाणीत एक मास्तर होते आणि त्यांच्या घरी काकू. मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, काकू पोस्टाच्या खिडकीवरून. खिडकी सुटून बरीच वर्षं झाली तरी बाजारातली भाजीवाली त्यांना ‘पोष्टाच्या काकू’ म्हणूनच हाक मारायची. एकुलती मुलगी लग्न होऊन अमेरिकेत, मिनिआपोलिसला. नोकरी संपली की डॉक्टर आधी चालायला सांगतात, त्याप्रमाणं दोघं रोज पहाटे बाहेर पडायचे.

कधी अर्जुननगरच्या बाजूला. देवचंद कॉलेज निपाणीचं म्हणून ओळखलं जातं, पण ते उभं आहे कागल तालुक्यात. घरून निघालेला माणूस पाय मोकळे करता करता कर्नाटकातून महाराष्ट्रात जातो आणि चहाच्या वेळेला परत येतो. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्रानं केलेला दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मास्तर-काकू आपला निकाल रोज सकाळी लावून यायचे. पण जास्त करून ते अक्कोळच्या रस्त्यानंच जायचे, कारण तिकडं धुकं चांगलं मिळायचं. डिसेंबर-जानेवारीत वेदगंगेच्या अंगानं ते असं चढतं की दहा पावलांवरचा ट्रॅक्टर आधी ऐकू येतो, मग दिसतो.

धुक्याचा नाद मुलीमुळं लागला. तिनं पहिल्या हिवाळ्यात बर्फाचे फोटो पाठवले. गोठलेलं तळं, त्यावरून चालणारी माणसं, गुडघाभर बर्फात रुतलेली गाडी. काकू बघत राहिल्या. “अहो, आपल्याकडं बर्फ म्हणजे रसाच्या गाड्यावर पोत्यात गुंडाळलेला. ह्यांच्या दारातच पडालाय की!” मुलगी म्हणाली, तुम्ही पण पाठवा तिकडचा हिवाळा. मग तिनंच एक कॅमेरा पाठवून दिला. त्या दिवसापासून दर रविवारी तिकडून बर्फ यायचा आणि इकडून धुकं जायचं.

कॅमेऱ्याला पांढऱ्या रंगाचा भरवसा नसतो, हे मास्तरांना मुलीनंच सांगितलं. समोर सगळं बर्फ किंवा सगळं धुकं असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. तेव्हा आपण होऊन प्रकाश थोडा वाढवून द्यायचा. मिनिआपोलिसच्या बर्फातली ही युक्ती अक्कोळच्या रस्त्यावर नेमकी लागू पडली. मास्तरांचं धुकं उजळलं. जानेवारीत तर आणखी मौज. तंबाखू कापून रानातच वाळत पडलेली असते. दंवानं पानं मऊ झाली की उजाडायच्या सुमाराला ती गोळा करतात, ऊन चढल्यावर हात लावला तर चुरा होतो. त्यामुळं ऐन धुक्यात रानभर बायका वाकलेल्या दिसायच्या, दिसायच्या म्हणजे अर्ध्या दिसायच्या, आणि मास्तर बांधावर उभे राहून फोटोवर फोटो काढायचे.

मुलीनं वडलांना आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती त्यांच्या मनात फार बसली. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको गावाजवळ विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी होता. त्यानं 1885 साली, विशीही पूर्ण झालेली नसताना, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमकणाचा फोटो काढला. हिमकण काळ्या फळीवर झेलायचा, पिसानं अलगद काचेवर घ्यायचा, श्वास रोखून धरायचा, कारण तोंडाची वाफ लागली तरी तो गेला. असे पाच हजारांवर फोटो त्यानं जन्मभरात काढले. 1931 साली त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षाअखेर तो वारला. गावाला तो खुळा वाटायचा. मास्तरांना तो आपल्या नात्यातलाच वाटला. शाळेतली जुनी मुलं भेटायला आली की ते त्यांनाही सांगायचे, “बघा, वितळणारी वस्तू थांबत नाही. हात चालव म्हणते. उद्या काढू म्हणाला असता तर एक तरी कण राहिला असता काय?”

हे ते इतरांना सांगत होते, हे लक्षात ठेवा.

नोव्हेंबरच्या शेवटाला अक्कोळच्या रस्त्याकडेला ऊसतोडीची टोळी उतरली. बीडकडची. दहा-बारा कोप्या, पाचटाच्या आणि निळ्या ताडपत्रीच्या. इकडच्या वाचकाला हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी सांगतो: टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग पाच-सहा महिने दोघांनी मिळून ती फेडायची. नवरा तोडतो, बायको पाला सोलते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवते. पहाटे चारला चुली पेटलेल्या असतात. ऊस इकडच्या रानातला असला तरी तो ह्याच बाजूच्या कारखान्याला जाईल असं नाही. ही टोळी कागलकडच्या कारखान्याची होती.

एके दिवशी धुक्यातून एक बाई मोळी घेऊन येताना मास्तरांनी टिपली. डोक्यावर गोणपाटाची खोळ, खोळीला मागं निळ्या कापडाचं ठिगळ, मोळीची टोकं दोन्हीकडं धुक्यात विरलेली. चेहरा दिसत नव्हता. फोटो मात्र असा उतरला की मास्तरांनी तो काकूंना सांजच्यापर्यंत चार वेळा दाखवला. मुलीला गेला. तिच्या मैत्रिणींना गेला. निपाणीतल्या मंडळींच्या फोनवर फिरला. एका पतसंस्थेच्या लोकांनी तो नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर छापला, खाली ‘छायाचित्र’ म्हणून मास्तरांचं नाव टाकलं आणि वर शाल-श्रीफळही दिलं.

त्या बाईला काही माहीत नव्हतं. पण एका सकाळी तिनंच दोघांना हाक मारली. कोपीपुढं बाभळीच्या फांदीला झोळी बांधलेली होती.

“बाबा, तुम्ही रोज फोटू काढता. माझ्या लेकराचा एक काढून देता का? कागदावरचा पाहिजे.”

“फोनात नाही चालणार?” मास्तर म्हणाले.

नाही चालणार होता. थोरली मुलगी गावाकडं आजीजवळ होती. शाळा बुडू नये म्हणून तिला तिकडंच ठेवलेलं. आजीचा फोन बटणांचा. आणि हे लेकरू इथं, फडावर आल्यावर झालेलं. “तिनं भावाला बघितलंच नाही अजून. रोज इचारती, कसा हाय, कुणावानी हाय. काय सांगावं?” मग ती काकूंकडं वळली. “मावशी, पोष्टानं जातंय का हो फोटू गावाकडं?”

काकूंचं तोंड उजळलं. किती वर्षांनी कुणी त्यांना हा प्रश्न विचारत होतं. “जातंय की! का नाही जाणार? पत्ता सांग.” आणि त्यांनी तिथंच पिशवीतल्या किराण्याच्या यादीमागं गाव, तालुका, जिल्हा, आजीचं नाव, सगळं लिहून घेतलं. पिन कोड तिला येत नव्हता. काकूंनी घरी जाऊन काढला.

मास्तर म्हणाले, “चांगला काढून देतो हां. धुकं जरा बरं पडू दे.”

दुसऱ्या दिवशी धुकं पातळ होतं. तिसऱ्या दिवशी दाट होतं, पण लेकरू झोपलं होतं आणि झोळीच्या पलीकडनं तंबाखूच्या रानावर काय उजेड आला होता म्हणून सांगू! मास्तर तिकडं गेले. नंतर एकदा बाई फडात आत गेली होती. एकदा लेकरू रडत होतं. काकू रोज संध्याकाळी म्हणायच्या, “अहो, त्या पोरीच्या लेकराचा फोटो.” मास्तर म्हणायचे, “देतो गं. ह्याबरोबर आणखी दहा-वीस जमू देत, एकदम छापून आणतो. एकट्या फोटोसाठी कुठं स्टुडिओत जाऊ?” स्टुडिओ घरापासून दोन गल्ल्यांवर होता.

मास्तर वाईट माणूस नव्हते. गोष्टीत एक कंजूष सावकार असला की काम सोपं होतं, पण इथं तसा कोणी नाही. त्यांना खरोखरच चांगला फोटो द्यायचा होता, आणि चांगल्याची वाट बघणारा माणूस स्वतःला आळशी कधीच समजत नाही.

ह्यात काळाचाही थोडा हात आहे. लग्न झालं तेव्हा मास्तरांकडं आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याला बनणारा काळा डबा, तेव्हा मध्यमवर्गी घरांत तोच असायचा. एका रोलात बारा फोटो. रोल महाग, धुलाई महाग, त्यामुळं बारांतला प्रत्येक फोटो कुणाचा हे काढण्याआधीच ठरलेलं असायचं. एक सासरी जाणार, एक मामाकडं, एक शेजारच्या आजींना कारण त्या मध्येच येऊन उभ्या राहिल्या. ते पाकिटात घालून पाठवण्याचं काम काकूंचं. आता कार्डात हजारो मावतात. हजारोंतला कुठला कुणाचा, हे विचारायची वेळच येत नाही. सगळे काढणाऱ्याचेच होऊन बसतात. माझ्या फोनमध्येही असे पडून आहेत, तुमच्याही असतील.

संक्रांत झाली. भोगीच्या दिवशी काकूंनी बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी टोळीवर नेऊन दिली आणि येताना त्या बाईनं काही विचारलं नाही. तेच काकूंना लागलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात एका पहाटे दोघं तिथं पोचले तर टोळी नव्हती. ऊस संपला होता. उघड्या पडलेल्या रानात पाचट पसरलेलं, चुलींचे दगड, राख, बाभळीला झोळीच्या दोरीचा एक तुकडा. धुकं मात्र त्या दिवशी विचारू नका असं पडलं होतं. मास्तरांनी सवयीनं कॅमेरा वर केला आणि काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवून तो खाली केला.

घरी आल्यावर मास्तर म्हणाले, “पत्ता आहे ना तुझ्याकडं? मग झालं तर. आजच छापून पाठवू.” दोघं टेबलाशी बसले. नोव्हेंबरपासूनचे सगळे फोटो एकेक करून बघितले. मोळी होती. बैल होते. कोप्यांवरचा धूर होता, तो तर कितीतरी. कोयत्याच्या पात्यावरचं दंव होतं. झोळीही होती: एका फोटोत कडेला तिचं टोक, दुसऱ्यात झोळीबाहेर आलेला एवढासा पाय, तोही हललेला. लेकराचं तोंड एकाही फोटोत नव्हतं.

मास्तर गप्प झाले. मग म्हणाले, “धुकं बरं पडायची वाट बघत राहिलो.”

काकू म्हणाल्या, “पोस्टात आलेलं टपाल पोस्टाचं होत नाही, अहो. आपल्या खिडकीत पडलंय म्हणून आपलं म्हणायचं नाही. ज्याचं त्याला पोचवायचं, आणि त्याच दिवशी पोचवायचं. तुम्ही त्या बाईचा फोटो घेतला, कॅलेंडरवर छापला, शाल घेतली. तिचं टपाल आपल्या घरात पडून आहे. आणि जे तिनं मागितलं ते तर तुम्ही घेतलंच नाही.” एवढं त्या मास्तरांना लग्नानंतर प्रथमच बोलल्या असाव्यात. मास्तरांनी उलट एक शब्द काढला नाही. बेंटलीची गोष्ट तर त्यांनी नंतर कधीच कुणाला सांगितली नाही असं म्हणतात. मला ते काही खरं वाटत नाही, मास्तर लोकांची सांगायची खोड जात नाही.

पण त्या दिवशी ते उठले. आधी ऊसमालकाकडं गेले. त्यानं कारखान्याच्या चिटबॉयचं नाव सांगितलं. चिटबॉयनं मुकादमाचा नंबर दिला. मुकादमानं तीनदा फोन उचलला नाही. चौथ्यांदा उचलला तेव्हा तो आधी घाबरला, कारण टोळीबद्दल इतकी चौकशी करणारा माणूस एक तर पोलीस असतो नाहीतर दुसरा मुकादम, कोयते फोडायला आलेला. लेकराच्या फोटोसाठी कुणी शोधतंय ह्यावर त्याचा विश्वासच बसेना. शेवटी काकूंनी फोन घेतला आणि आजीचं नाव, गावाचं नाव, तालुका सांगितला. मग तो म्हणाला, कोगनोळी नाका ओलांडा, कागलच्या अलीकडं डाव्या हाताला रान आहे.

दोघं बसनं गेले. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. बारा-साडेबाराचं ऊन म्हणजे फोटोला सगळ्यांत वाईट, डोळ्यांखाली काळ्या सावल्या, माणसं कपाळाला आठ्या घालून बघतात. मास्तरांनी अशा उन्हात कॅमेरा कधी पिशवीतून काढलाही नसता. टोळी फडात होती. बाईनं त्यांना लांबूनच ओळखलं आणि मोळी टाकून हसत पुढं आली.

“बाबा, नाक्याच्या टपरीवर क्यालेंडर लावलंय. त्यात म्या हाय.”

मास्तरांच्या पोटात खड्डा पडला. “तुला कसं कळलं? तोंड तर दिसत नाही त्यात.”

“ठिगळ माझ्या हातचं हाय की,” ती म्हणाली आणि पाठ फिरवून खोळीवरचं निळं ठिगळ दाखवलं. बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. नवऱ्यालाही तिनं नेऊन दाखवलं होतं. टपरीवाल्याला ते पान मागितलं तर तो म्हणाला, वर्ष संपल्यावर ये.

लेकरू जागं होतं. गालाला काजळाची तीट, डोक्याला कुणाची तरी मोठी कानटोपी. आईनं त्याला मांडीवर घेतलं, पदर सारखा केला. मास्तर उन्हातच गुडघ्यावर बसले. लेकरानं कॅमेऱ्याकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. मास्तरांनी तसाच काढला. मग थांबून एक काढला, बापाला हाक मारून तिघांचा एक काढला. मग लगेच कागलला गेले, स्टुडिओत बसून राहिले, प्रती हातात घेतल्या आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा त्या रानात येऊन बाईच्या हातात दिल्या. बरोबर मोळीचा फोटोही, मोठा करून. तिनं रडणारा फोटो बराच वेळ बघितला. “थोरली अशीच रडायची,” ती नवऱ्याला म्हणाली, आणि गावाकडं पाठवायला नेमका तोच निवडला. मास्तरांच्या मते तो सगळ्यांत वाईट निघाला होता.

दुसऱ्या दिवशी काकू निपाणीच्या पोस्टात गेल्या. आत पुठ्ठा घालून पाकीट बंद केलं, पिन कोड आकड्या-आकड्यानं सुटा लिहिला आणि स्पीड पोस्टानं पाठवलं. खिडकीपलीकडच्या मुलीनं पावती देताना विचारलं, “काकू, नातवाचा फोटो काय?” काकू नुसतं हो म्हणाल्या.

मास्तर अजून धुक्यात जातात. रान, रस्ता, झाडं, पाखरं ह्यांचे फोटो पूर्वीसारखेच काढतात. माणूस समोर आला तर आधी काकू त्याचं नाव-गाव वहीत लिहितात आणि मगच मास्तर बटण दाबतात. संध्याकाळी मास्तर दोन गल्ल्या चालून स्टुडिओत जातात. तंबाखूच्या रानातल्या बायका आता त्यांना लांबून बघितलं की म्हणतात, “आले बघा, फोटोचे पोस्टमन.” मुलीकडं जाणारं धुकं त्यामुळं थोडं कमी झालं आहे. तिची तक्रार नाही.

तुमच्या फोनमध्ये असं कुणाचं काही अडकलं असेल, रस्त्याकडेच्या टोळीतलं, तंबाखूच्या रानातलं, नाहीतर रोज दूध घालणाऱ्याच्या घरचं, तर आजच छापून नेऊन द्या. ऊसतोडीचा हंगाम मार्च-एप्रिलच्या सुमाराला संपतो, आणि टोळ्या गावाकडं निघाल्या की चिटबॉयलाही त्यांचा ठावठिकाणा माहीत नसतो.